मागितल्यापेक्षा मोठी गाडी

फोन सकाळी सव्वासहाला आला. बजाजनगरातल्या आमच्या बुकिंग ऑफिसचं शटर मी अर्धं वर केलं होतं आणि ते नेहमीसारखं मध्येच अडकलं होतं, म्हणून मी आधीच वैतागलेलो. स्क्रीनवर गिरजावहिनींचं नाव. वहिनी स्वतःहून कधी फोन करत नाहीत. मला वाटलं, मल्हारीच्या फोनची बॅटरी उतरली असेल आणि बायकोच्या फोनवरून तो उशीर होण्याचं नवं कारण सांगतोय. उचलल्या उचलल्या म्हणालो, "आज काय, रेल्वेगेट का पाहुणे?" मग वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्ये उठंनात..." शटर तसंच अर्धं सोडून मी मुकुंदवाडीला निघालो. शहराच्या एका टोकापासून पार दुसऱ्या टोकाला. पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला खाटेवरून खाली घेतलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे गेलेल्या मित्रावर हा माणूस एवढा का चिडलाय, असं वाचणाऱ्याला वाटायला नको. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मल्हारी माझ्या शेजारी बसून डावा खांदा चोळत होता. खांद्यावरून हात छातीवर आणायचा, पुन्हा खांद्यावर न्यायचा. मी विचारलं, "काय होतंय रे?" तो म्हणाला, "काय नाय. हातगाडीपुरतं दुखतंय. जाईल." मी "बरं" म्हणालो आणि मालाच्या पावत्या लिहायला लागलो. दवाखाना आमच्या ऑफिसपासून चालत पाच मिनिटांवर आहे. त्याला धरून नेलं असतं तर तो वाचला असता का, हे कुणीच छातीठोक सांगत नाही, डॉक्टरसुद्धा नाही. पण त्याच्या तोंडून आलेलं "हातगाडीपुरतं" म्हणजे खरोखर किती, हे या अख्ख्या शहरात दोनच माणसांना कळायला हवं होतं. एक तो आणि एक मी. सात आठवडे झाले, ते "बरं" माझ्या घशाखाली उतरत नाहीये.

मल्हारीच्या घरी मेंढरं होती. देवगाव रंगारीच्या पलीकडं त्यांची वस्ती. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे माणसं आणि मेंढरं मिळून सगळा लवाजमा, गोदावरीच्या अंगाला उतरायचा. आमचं गाव गंगापूर तालुक्यात, वाटेवर. लेंडीखतासाठी त्यांची मेंढरं दरवर्षी आमच्या रानात बसायची. त्यांचं सगळं बिऱ्हाड एका तट्टावर असायचं... पीठ, भांडी, वाकळा, कोंबड्या, आणि सगळ्याच्या वर बांधलेलं एखादं पोर. त्या पोरांतलाच एक मल्हारी. मी शेतमालकाचा मुलगा, पण त्याचा त्याला काडीचा फरक पडायचा नाही. माझ्या हातातली जोंधळ्याची कणसं तो बिनदिक्कत काढून घ्यायचा आणि वर मलाच म्हणायचा, "तुला खाता येत नाय." पुढं त्यानं मेंढरं सोडली, ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर झाला, अर्धा देश फिरला. मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये क्लार्क होतो. कंपनीनं आमचं खातं बंद केलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून हे ऑफिस थाटलं. गाड्या दुसऱ्यांच्या, माल तिसऱ्यांचा, डोकेदुखी तेवढी आमची. बावीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि बावीस वर्षं त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली नाही. मी कायम "किलार्क".

आमचं काम अगदी साधं. लोक फोन करतात, गाडी मागतात, आम्ही पाठवतो. साधं असायला हवं होतं, असं म्हणतो. कारण मालाच्या गाडीला या देशात किती नावं आहेत हे त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही. वर्तमानपत्रात मालमोटार छापतात, ते एकही माणूस तोंडानं बोलत नाही. हैदराबाद-बिदरकडचा माणूस लारी म्हणतो तेव्हा त्याला मोठा ट्रक हवा असतो. गुजरातचा व्यापारी लारी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं भाजीची हातगाडी असते. छकडा म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांना हलकी बैलगाडी आठवते, आणि तिकडं सौराष्ट्रात छकडा म्हणजे फटफटीचं तोंड लावलेली तीनचाकी. नांदेडच्या पुढचा माणूस कसल्याही गाडीला बंडी म्हणतो. ड्रायव्हर लोक नाव घेतच नाहीत, नुसते टायर मोजतात... सहा टायर, दहा टायर, चौदा टायर. आणि टेम्पो तर विचारूच नका. शहरातल्या बाईला घर हलवायला टेम्पो हवा असतो तो वेगळा, कन्नडच्या अद्रकवाल्याला हवा असतो तो वेगळा. मी सुरुवातीपासून म्हणत होतो, टनात विचारू. माल किती टन, बस्स. मल्हारीनं ते कधी मान्य केलं नाही. तो फोन उचलला की पहिल्यांदा विचारायचा, "कुठून बोलताय?" गाव कळलं की त्याला गाडी कळायची. चुकायचा नाही, हेच तर जास्त संतापाचं होतं.

बरं, बरोबर गाडी पाठवून गप्प बसावं की नाही? ते नाही. त्याला शब्दांची कुळंमुळं सांगायची हौस होती आणि त्यातली निम्मी त्यानं स्वतःच्या मनानं रचलेली असायची. एकदा गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्यानं जाहीर केलं की टेम्पो हा शब्द टेम्पररीवरून आला, कारण तो माल तात्पुरता नेतो. मला राहवलं नाही. मी म्हणालो, अरे बाबा, टेम्पो हे जर्मनीतल्या एका कंपनीचं नाव होतं, तिच्या तीनचाकी इकडं आल्या, लोक कंपनीला विसरले आणि नाव गाडीला चिकटलं. तो माझ्याकडं दयेनं बघत म्हणाला, "किलार्क, तू जर्मनीला गेलाय का?" मी म्हणालो, नाही. "मंग?" म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडं वळून पुढचं सांगायला लागला. गिऱ्हाईकसुद्धा मान डोलावत होतं. माझी बाजू घ्यायला जगात कुणी नव्हतं.

मेटॅडोरच्या बाबतीत मात्र त्यानं मला गप्प केलं. ती गाडी बंद होऊन किती वर्षं झाली, तरी आमच्याकडं अजून लोक कसल्याही मध्यम गाडीला मेटॅडोर म्हणतात. मी त्याला सांगितलं की हा स्पेनमधला शब्द, बैलाशी झुंजून त्याला मारणारा जो माणूस असतो त्याला मेटॅडोर म्हणतात. मला वाटलं, आता हा हसणार. तो हसला नाही. रस्त्याकडं बघत म्हणाला, "मंग बरोबर नाव ठिवलं की. बैलाला मारलं ते त्यानंच." खटाऱ्याचंही तसंच. मी म्हणालो, जुनी माणसं मालाच्या गाडीला सरळ खटारा म्हणायची, त्यात हेटाळणी नव्हती, ती नंतर चिकटली. तो म्हणाला, "चिकटणारच. म्हातारं झालं की नावाची बी शिवी व्हती." असं काहीतरी बोलून तो चहा सांगायला उठून जायचा आणि मी हातातलं काम विसरून बसायचो. मग काम राहिलं म्हणून त्याच्यावरच ओरडायचो.

त्याची दुसरी तऱ्हा याहून वाईट. तो आकडा बोलायचा नाही. कसलाच. ही त्यांच्या घरची रीत होती. मेंढराची मोजदाद तोंडानं करायची नाही, नजर लागते. धनगराला त्याच्या बायकोसमोर विचारा, बापासमोर विचारा, मेंढरं किती, तो म्हणेल, "हायेत देवाची." मेंढरांपुरतं मी समजू शकतो. पण मल्हारीनं ते सगळ्या संसाराला लावलं. वय किती? "हाय की." लेकीच्या लग्नाला माणसं किती आली? "दोन ट्रॉल्या." भूक किती लागली? "छोटा हत्तीभर." छोटा हत्ती म्हणजे चारचाकीतली सगळ्यात बारकी मालगाडी. माझी बायको सुनंदा एकदा त्याच्यावर चिडली, तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनीचा राग धा टायरी हाय आज, तू उशिरा जा घरी." टायर मोजलेले चालायचे, कारण ते मेंढरू नव्हतं. डॉक्टरांकडं साखर तपासायला मी त्याला ओढून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला बिड्या किती? हा म्हणाला, "तीनचाकीत बसत्याल येवढ्या." डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार? तीनचाकीत बिड्या किती बसतात, याचा हिशेब मी त्या केबिनमध्ये उभा राहून मनात करत होतो, इतकं त्यानं मला कामातून घालवलं होतं.

पण या रीतीमागं एक पद्धत होती, आणि ती मला फार महागात शिकायला मिळाली. आता मेंढरंवाले सगळा वाडा पायी नेत नाहीत. मोठी मेंढरं चालत जातात, पण नुकत्या व्यालेल्या मेंढ्या, कोकरं, लंगडी-आजारी जनावरं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी गाडी लागते. गाडी मागायची तर जनावरं किती हे सांगावं लागणार. ते तर सांगायचं नाही. म्हणून ते गाडीचं नाव सांगतात. छोटा हत्ती म्हटलं की एवढी जनावरं, पिकअप म्हटलं की त्याहून जास्त, मोठा टेम्पो म्हटलं की त्याहून जास्त. आमच्या मल्हारीच्या वाड्यावर पिकअपला तट्टू म्हणायचे, पूर्वी जे तट्टावर लादायचे ते आता तिच्यात लादतात म्हणून. इथपर्यंत ठीक. पण मोठ्या गाडीचं नाव घेतलं म्हणजे आपल्याकडं पुष्कळ आहे असं कबूल केल्यासारखं होतं, आणि तेही नको. म्हणून ते गरज असते त्यापेक्षा एक लहान गाडी मागतात. हे मल्हारीला ठाऊक होतं. तो कुणालाही काही न विचारता एक मोठी पाठवायचा. समोरचा आश्चर्य दाखवायचा, "येवढी कशाला धाडली?" हा म्हणायचा, "तीच रिकामी व्हती." दोघांची अब्रू राहायची. मला हे सगळं नाटक वाटायचं. मी ऑफिसात एक छापील तक्ता केला होता, त्यात एक रकाना होता 'नग'. मल्हारी त्या रकान्यात कायम आडवी रेघ मारायचा.

एका उन्हाळ्यात तो सोयरिकीला गावी गेला होता आणि फोन मी घेतला. पैठणच्या खालून कुणीतरी मेंढरंवाला बोलत होता. छोटा हत्ती पाठवा म्हणाला. मी विचारलं, "नग किती?" तो पुन्हा गाडीचंच नाव सांगायला लागला. मी पुन्हा विचारलं, "जनावरं किती आहेत?" तो म्हणाला, "हायेत सायेब... देवाची." मी तेव्हा कामात होतो, डोकं तापलेलं होतं, आणि मनात म्हटलं, यांना सांगायचं नसेल तर मरू दे, मागितली ती गाडी पाठवतो. छोटा हत्ती पाठवला. निम्मीच जनावरं बसली. उरलेल्या व्यालेल्या मेंढ्या त्यानं पायी काढल्या, चैत्रातल्या दुपारी, वाटेतली विहीर आटलेली. त्यानं परत फोन केला नाही. पुन्हा मागायचं म्हणजे आधी खोटं सांगितलं हे कबूल करायचं, ते त्याच्यानं झालं नसणार. मल्हारी परत आला तेव्हा त्याला बाहेरून कळलं. तो उभ्या उभ्या स्वतः मोठी गाडी घेऊन तिकडं गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. किती मेंढ्या मेल्या ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हातपाय धुतले, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "किलार्क, कमी सांगितल्याबिगर त्येला मागताच येत नाय. तू एक मोठी धाडायची. आन लई बारीक मागितली तर सोता जाऊन बघायचं, तिथं कायतरी लई वंगाळ असतंय." एवढंच. ना राग, ना शिव्या. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी वाद तरी घातला असता.

त्या दिवसापासून मी नियम पाळला. कारखान्यातल्या माणसाला मागेल ती गाडी, रानातल्या माणसाला एक मोठी. माझा एकदाही अंदाज चुकला नाही, याचा मला गर्वसुद्धा होता. 'नग' हा रकाना मी स्वतःच्या हातानं तक्त्यातून काढून टाकला. आणि मग त्या संध्याकाळी हा माणूस माझ्या शेजारी बसून छाती चोळत म्हणतो, हातगाडीपुरतं. हातगाडी आमच्या ऑफिसातून कधी कुणाला पाठवलीही जात नाही. त्याहून लहान आमच्याकडं काही नाहीच. बावीस वर्षांत त्यानं स्वतःबद्दल बोलताना इतकं लहान कधी सांगितलं नव्हतं. मला उठायला हवं होतं. पण तो पँट-शर्टात होता, हातात मोबाईल होता, मुकुंदवाडीत दोन खोल्या बांधलेल्या होत्या, साखरेची गोळी वेळेवर घेत होता... मी त्याला कारखान्याचा माणूस समजून बसलो होतो. मागेल ती गाडी. बरं.

आणि त्याच्यावरही मला संताप येतो, तो का लपवू? गड्या, मी तुझ्या पैठणच्या मेंढरंवाल्यासारखा परका होतो का? माझ्याजवळ तरी नीट सांगायचं होतंस. "अशोक, लई दुखतंय, चल." चार शब्द. एकदा तरी माझं नाव घेतलं असतंस. लोक मला समजावतात की त्याला स्वतःलाच कळलं नसेल. मला नाही पटत. तो गाडीच्या आवाजावरून सांगायचा की मागं किती ओझं आहे. त्याला त्याच्या छातीतलं ओझं कळलं नसेल? त्याला कळलं होतं आणि त्यानं त्याच्या रीतीप्रमाणं सांगितलंही होतं. पुढचं काम माझं होतं. रात्री नीट झोप लागत नाही आता. सुनंदा म्हणते, लिहून काढा, म्हणून हे लिहितोय. लिहून काही हलकं वाटलेलं नाही.

सव्वा महिना झाल्यावर वहिनींचा फोन आला. त्यांची लेक नाशिकला असते, ती दहा-बारा दिवस राहून परत गेली होती, घरात वहिनी एकट्याच. म्हणाल्या, "भावजी, यांची कापडं देवगावला द्यायचीत, दिराकडं. येकच बोचकं हाय. कुणी सायकलवाला असंल तर धाडा, यष्टीत टाकून दिलं तरी चालंल." मी बरं म्हणणार होतो. शब्द ओठांपर्यंत आला होता. मग फोन ठेवला आणि ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून पिकअप काढली, स्वतः केबिनमध्ये बसलो आणि मुकुंदवाडीला गेलो. वहिनी दारात उभ्या होत्या, पायाशी खरंच एक बोचकं. गाडी बघून म्हणाल्या, "येवढी कशाला आणली?" मी म्हणालो, "हीच रिकामी होती."

त्यांनी माझ्याकडं जरा रोखून पाहिलं. मग आत गेल्या आणि गादी घेऊन आल्या. ती ठेवली आणि पुन्हा आत. त्याची पत्र्याची पेटी. चपलांचे दोन जोड. त्याचा पितळी तांब्या. मग म्हणाल्या, "खाट बी न्या भावजी. म्या खालीच झोपती. तिच्याकडं बघवत नाय मला." ड्रायव्हरनं आणि मी खाट उचलली. वहिनी आता थांबतच नव्हत्या. त्याची सतरंजी, रेनकोट, भिंतीवरचा आरसा ज्यात तो दाढी करायचा, दोऱ्यासकट ओढून काढला. मी एकदाही विचारलं नाही की हे कशाला, ते कशाला. दोन शेजारणी येऊन हात लावायला लागल्या. शेवटी वहिनी ओट्याच्या कडेवर बसल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळ्या आवाजात रडल्या. सव्वा महिना ही बाई त्या खाटेशेजारी जमिनीवर पडून काढत होती आणि विचारलं की म्हणायची, बरं हाय. मागितली होती सायकल.

पिकअप भरली, दोर आवळला आणि तरी एक वस्तू उरली. कूलर. मल्हारीनं दोन खोल्यांसाठी लग्नाच्या हॉलला लावतात तसला पत्र्याचा अजस्र कूलर आणला होता, आणताना माझं ऐकलं नव्हतं, दारातून आत जाईना म्हणून चौकट काढावी लागली होती. वहिनी म्हणाल्या, "ह्यो बी न्या. चालू केला की वाटतं ह्येच घोरायलेत." मी आणलेली एक मोठी गाडीही कमी पडली होती. ड्रायव्हर देवगावला गेला, मी दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी नेली आणि कूलर ऑफिसात आणून बसवला. वहिनींसाठी सुनंदानं नवा, साधा, बेताचा कूलर बघून दिला. आता दर दोन-तीन दिवसांनी आम्ही दोघं तिकडं जाऊन येतो. फोन करून विचारत नाही, सरळ जातो.

हा कूलर म्हणजे एक संकट आहे. निम्मं ऑफिस त्यानं खाल्लंय. पाणी प्यायला उंटासारखं लागतं, वारा एका कोपऱ्यातच लागतो, समोरचे कागद उडतात, आणि आवाज असा की टेबलापलीकडच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. बंद करावा तर पत्र्याच्या शेडमध्ये बसवत नाही. फोनवर गिऱ्हाईक एकदा सांगतं ते काही कळत नाही, प्रत्येकाला पुन्हा विचारावं लागतं. लोक कंटाळतात, मी कंटाळतो. काल दुपारी एका बाईचा फोन आला. वैजापूरच्या अलीकडून, एवढं कळलं. पुढं काहीतरी बारकी गाडी, बारकीच पुरं, असं म्हणत होती, बाकीचं कूलरनं गिळलं. मी एक कान दाबून ओरडलो, "ऐकू नाही आलं बाई, परत सांगा."

फोन घेऊन मी शटरच्या बाहेर आलो. मागं मेंढरांचा आवाज येत होता. मग हळू म्हणाली, "जरा मोठी आसंल तर बघा दादा... लई हायेत."